जोडीनं नाचायचं: दोन ते चार वर्षांची मुलं आणि त्यांचे पालक यांच्यासाठी सर्जनशील नृत्यवर्ग कसा आखावा

दोन-तीन वर्षांच्या मुलांना नाच ‘शिकवायला’ घेतला की पहिल्या दहा मिनिटांतच वर्ग हातातून जातो. या वयाच्या मुलाला रांगेत उभं राहता येत नाही, आपल्या पाळीची वाट बघवत नाही आणि उजवा पाय कुठला हे ठाऊक नसतं. पण त्याला लोळता येतं, गिरक्या घेता येतात, आईच्या पोटावर डोकं ठेवून डुलता येतं. ‘थांब!’ म्हटल्यावर पुतळा व्हायला तर त्याला मनापासून आवडतं. सर्जनशील नृत्याचा वर्ग एवढ्याच भांडवलावर उभा राहतो. त्यात बसवलेल्या स्टेप्स नसतात. दर वेळी एक कल्पना घ्यायची आणि ती अंगात कशी उतरते हे मुलानं आणि त्याच्या मोठ्या माणसानं मिळून शोधायचं.

म्हणून सुरुवातीलाच पक्कं करा: वर्ग मुलांचा नाही, जोडीचा आहे. आई, बाबा, आजी, आजोबा, मावशी, कुणीही चालेल, पण जो येईल त्यानं जमिनीवर उतरायचं. भिंतीला टेकून बघत बसलेला पालक असला की मूल दर दोन मिनिटांनी त्याच्याकडे धावतं आणि वर्गाचं वर्तुळ फुटतं. हे नाव नोंदवतानाच स्पष्ट सांगा, पहिल्या दिवशी सांगायला ठेवू नका.

गट, वेळ, संख्या

दोन ते साडेतीन हा एक गट आणि साडेतीन ते पाच हा दुसरा. एकत्र घेऊ नका, कारण या वयात सहा महिन्यांनीही अंगात फार फरक पडतो. साधारणपणे दोन वर्षांचं मूल धावतं, अडीचच्या आसपास दोन्ही पाय एकदम उचलून उडी मारतं, तिसऱ्या वर्षी क्षणभर एका पायावर तोल सावरतं. लंगडी जमायला चौथं वर्ष उजाडतं, आणि एकेका पायावर आळीपाळीनं टुणकन उडत पुढे जाणं बहुतेकांना पाच-सहाच्या आधी येत नाही. लहान गटात लंगडी ठेवली की मुलं पडतात, पालक हात धरून उचलायला लागतात आणि नाच बाजूला राहून कसरत सुरू होते.

हा लेख मुख्यतः लहान गटाबद्दल आहे. आठ जोड्या ही सोयीची संख्या. हाताशी मदतनीस असेल तर दहा. पाचाच्या खाली गेलात तर एखाद्या दिवशी दोघं आजारी पडली की वर्तुळच होत नाही. वर्ग ४५ मिनिटांचा ठेवा, आठवड्यातून एकदा, सलग आठ आठवडे, आणि सगळ्यांची सुरुवात एकाच दिवशी. ‘येईल तेव्हा या’ असा वर्ग या वयाला मानवत नाही. मूल तिसऱ्या आठवड्यात कुठे मोकळं व्हायला लागतं, आणि दर वेळी नवे चेहरे असले तर तो तिसरा आठवडा येतच नाही. वेळ सकाळी दहाच्या सुमारास किंवा संध्याकाळी पाचला. दुपारच्या झोपेच्या आगेमागे कधीच नको. बाबा लोकांनी यावं असं वाटत असेल तर रविवार सकाळ.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटांची हालचाल हवी. तुमची आठवड्याची ४५ मिनिटं त्यात कुठेच पुरत नाहीत. वर्गात जे घडेल ते घरी स्वयंपाकघराच्या फरशीवर परत करता आलं पाहिजे, असा विचार करूनच प्रत्येक खेळ निवडा.

हॉल आधी स्वतः रांगून बघा

सोसायटीचं क्लब हाऊस, शाळेचा वर्ग, मंगल कार्यालयाची लहान खोली, काहीही चालतं. आठ जोड्यांना साधारण ४०० ते ५०० चौरस फूट मोकळी जागा पुरते. त्याहून मोठा हॉल म्हणजे चैन नव्हे, अडचण आहे: मोकळं मैदान दिसलं की दोन वर्षांचं मूल धावत सुटतं, आणि त्यात त्याची काही चूक नसते. मोठाच हॉल मिळाला तर दोन बाकं किंवा सतरंज्यांच्या गुंडाळ्या टाकून तो अर्धा करा.

लाकडी जमीन मिळाली तर उत्तमच. आपल्याकडे बहुधा टाइल्स, कोटा किंवा संगमरवर असतो. तिथे सगळे अनवाणी. मोज्यांवर टाइल्सवरून घसरतात, आणि मोठी माणसं मुलांपेक्षा जास्त जोरात आपटतात. सतरंजी पळापळीसाठी नको, ती सरकते आणि तिच्या काठात पाय अडकतो. बसून करायच्या भागापुरती घाला आणि मग गुंडाळून ठेवा. एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या चटया चांगल्या, मात्र त्यांचे तुकडे निघून तोंडात जात नाहीत ना ते बघा. पावसाळ्यात दाराशी दोन जाड पायपुसणी आणि एक कोरडं फडकं ठेवा. ओल्या छत्र्या आणि रेनकोट दाराबाहेर.

वर्गाच्या आधी वीस मिनिटं पोहोचा आणि गुडघ्यांवर, मुलाच्या उंचीवरून सगळी खोली फिरून बघा. उभ्यानं न दिसणाऱ्या गोष्टी तेव्हा दिसतात: उघडा प्लग, लोंबणारी चार्जरची वायर, खांबाची धार, एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या (मूल चढतं आणि रास कोसळते), कालच्या कार्यक्रमातली टाचणी. मग वर बघा. छत बुटकं असेल तर पंखा कुठे कुठे आहे ते लक्षात ठेवा. पालक उत्साहात मुलाला डोक्यावर उचलतात, तेव्हा त्यांचं लक्ष मुलाच्या चेहऱ्याकडे असतं, पंख्याकडे नसतं. नियम एकच करा: या वर्गात मूल खांद्याच्या वर उचलायचं नाही.

भिंतीवर मोठा आरसा असेल तर चादरीनं झाका. आरसा दिसला की मुलं त्याला चिकटतात आणि मोठी माणसं आपलं पोट आत घ्यायला लागतात.

आठ आठवडे, आठ कल्पना

ऑस्ट्रिया-हंगेरीत १८७९ साली जन्मलेले नर्तक आणि हालचालीचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान यांनी हालचालीकडे बघायची जी रीत घालून दिली, तीच आजही या वर्गांच्या मुळाशी आहे. साध्या भाषेत ते चार प्रश्न आहेत. काय हलतंय? कुठे हलतंय? कसं हलतंय: हळू की झटकन, जोर लावून की अलगद? आणि कुणाबरोबर? दर आठवड्याला यातल्या एकाच प्रश्नातली उलटसुलट शब्दांची एकच जोडी घ्या. बसेल असा एक क्रम हा: चाल-थांब, मोठं-छोटं, वर-खाली, हळू-जलद, जड-हलकं, सरळ-वळणदार, जवळ-दूर, आणि आठव्या आठवड्यात मुलांनी निवडलेलं काहीही.

‘चाल-थांब’ पहिल्याच आठवड्यात यावं, कारण पुढच्या सगळ्या वर्गांचा लगाम तोच आहे. डफावर थाप चालू आहे तोवर चालायचं, थाप थांबली की जागच्या जागी पुतळा. आठवडाभरात हे मुलांच्या अंगात भिनतं, आणि नंतर कधीही गोंधळ वाढला तर ओरडावं लागत नाही. थाप थांबवली की हॉल थांबतो.

एका वर्गातलं निम्म्याहून जास्त साहित्य मागच्या आठवड्याचंच असू द्या. तुम्हाला कंटाळा येईल, मुलांना येत नाही. ओळखीचं स्वागत, ओळखीचा निरोप आणि मध्ये एक नवी गोष्ट, एवढंच या वयाला पेलतं. दर वेळी सगळं नवं आणणारा शिक्षक स्वतः दमतो आणि मुलं दर वेळी पहिल्या दिवसाइतकीच बावरलेली राहतात.

४५ मिनिटांचं वेळापत्रक

पहिली पाच मिनिटं पोहोचण्याची. सगळे एकदम येणार नाहीतच, म्हणून आल्या आल्या करता येईल असं काही जमिनीवर तयार ठेवा. जमिनीवर कागदी चिकटपट्टीनं एक लांब नागमोडी रेघ मारा आणि तिच्यावरून जोडीनं चालू द्या. उशिरा आलेली जोडी गुपचूप त्यात मिसळते, कुणाचं लक्ष जात नाही.

पुढची पाच मिनिटं वर्तुळ. मूल मांडीत, प्रत्येकाचं नाव सुरात घ्यायचं आणि त्या मुलानं जी हालचाल केली ती सगळ्यांनी करायची. मूल लाजून आईच्या ओढणीत तोंड लपवतं? तर सगळ्यांनी तोंड लपवायचं. तीही हालचालच आहे. हे एकदा झालं की ‘माझं चुकत नाही’ हे मुलाला न सांगता कळतं.

त्यानंतर सात-आठ मिनिटं बसल्या जागी अंग जागं करायचं. पालकांनी मुलाचे पाय तळव्यापासून मांडीपर्यंत कणीक मळल्यासारखे दाबायचे, पाठीवर बोटांचा पाऊस पाडायचा, मग मुलानं पालकाच्या पाठीवर. समोरासमोर पाय पसरून बसून एकमेकांचे कोपराजवळचे हात धरायचे आणि जात्यासारखं पुढे-मागे, मग गोल.

आठ-दहा मिनिटं दिवसाची कल्पना, उभं राहून, हॉलभर. सात-आठ मिनिटं ओढणी (म्हणजे पुढे सांगितलेला लहान, हलका रुमाल) किंवा दुसरं साहित्य. पाच मिनिटं मोकळा नाच, शिक्षकानं काहीही न सांगता. शेवटची पाच मिनिटं विसावा आणि निरोप: पालक आडवे, मूल त्यांच्या पोटावर किंवा कुशीत, दिवे मंद, कुणीतरी अंगाई गुणगुणायची. रेकॉर्ड केलेली नको. ज्या छातीवर मूल डोकं ठेवून पडलंय तिच्यातूनच आवाज आला पाहिजे. सूर लागला नाही तरी चालेल.

हा तक्ता भिंतीवर लावा, घड्याळ बघा, पण एखादा खेळ रंगला तर तोडू नका. पुढचा खेळ गाळा. विसावा मात्र कधीच गाळायचा नाही. तो गाळला की मुलं तापलेल्या अंगानं आणि चढलेल्या आवाजानं बाहेर पडतात आणि चपला घालतानाच रडारड सुरू होते.

एक वर्ग जवळून: जड-हलकं

कल्पना शब्दांनी समजावायला गेलात तर दोन वर्षांच्या मुलाला काहीच कळणार नाही. ती आधी अंगाला कळली पाहिजे. म्हणून सुरुवात पालकांपासून करा. ‘आई-बाबा, तुम्ही गव्हाची पोती. आडवे पडा. मुलांनो, पोतं ढकला बघू!’ पालकांनी खरंच अंग सैल सोडायचं. मूल दोन्ही हातांनी रेटतं, खांदा लावतं, धापा टाकतं, आणि तिसऱ्या-चौथ्या रेट्याला पोतं घरंगळतं. जड म्हणजे काय हे आता त्याच्या तळहाताला आणि पोटाला कळलं. इथे एक चूक हमखास होते: पालक दया येऊन पहिल्याच स्पर्शाला लोळतात. त्यांना सांगा, थोडं अडून राहा. ढकलण्यातच सगळी मजा आहे.

मग उलट. मूल पोतं, पालकांनी त्याला हलकेच इकडून तिकडे घरंगळवायचं. जे मूल अंग सैल सोडत नाही त्याला जबरदस्ती नको, त्याला पुन्हा ढकलणारा होऊ द्या.

आता उभं राहायचं. ‘हत्ती चालला... धम्म. धम्म.’ डफाच्या मध्यावर तळहातानं जड, हळू थाप, दोन थापांमध्ये मोठा श्वास. गुडघे वाकलेले, पाय पूर्ण तळव्यानं जमिनीवर. साधारण मिनिटभर चाललं की अचानक गप्प. मग बोटांच्या टोकांनी डफाच्या काठावर तुरतुर वाजवा आणि आवाज खाली आणा: ‘कापूस उडाला...’ मुलं टाचा उचलतात, हात आपोआप वर जातात. कुणाला सांगावं लागत नाही. हत्ती आणि कापूस असं तीन-चारदा आलटून पालटून, आणि प्रत्येक वेळी मधल्या शांततेची लांबी बदला. मुलं त्या शांततेत कान टवकारून उभी राहतात. अख्ख्या वर्गात याच्याइतकी एकाग्रता दुसरीकडे कुठे मिळत नाही.

शेवटी ओढणी. ती तळहातावर ठेवून ‘फू’, वर उडवून डोक्यावर पडू द्यायची, जमिनीवर पसरून तिच्यावर धम्मकन बसायचं. कपडा हलका, बसणारा जड. दोन्ही कल्पना एका क्षणात भेटल्या.

उड्या आल्याच तर एकच सूचना: ‘मांजरासारखं मऊ उतर.’ गुडघे वाकवून उतरणं एवढंच तुम्हाला हवंय, आणि ते मांजर म्हटल्यानं होतं. ‘गुडघे वाकव’ म्हटलं तर मूल उभं राहून खाली गुडघ्यांकडे बघत बसतं.

मराठी क्रियापदं हाताशी ठेवा

या वर्गात शिक्षकाचं मुख्य साधन म्हणजे क्रियापदं, आणि त्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे. घरंगळणं, लोळणं, सरपटणं, डुलणं, झुलणं, हिंदकळणं, लोंबकळणं, भिरभिरणं, थरथरणं, ठुमकणं, झेपावणं, मुरडणं. प्रत्येक शब्दाचं वजन वेगळं, वेग वेगळा, आणि तो नुसता म्हटला तरी अंग हलायला लागतं. शिवाय आपल्याकडचे नादाचे शब्द: दुडुदुडु, तुरुतुरु, टुणकन, धपकन, सुळकन, लटलट. ‘चाला’ म्हणण्याऐवजी एकदा ‘दुडुदुडु’ म्हणा आणि एकदा ‘रुबाबात’ म्हणा. हॉल बदललेला दिसेल.

दर आठवड्याच्या कल्पनेसाठी असे दहा शब्द आधी वहीत लिहून काढा. ऐन वेळी डोकं चालत नाही आणि मग ‘जंप’, ‘रन’, ‘टर्न’ एवढ्यावर गाडी येते. परदेशातल्या मराठी मंडळांनी असा वर्ग भरवला तर या शब्दांसाठीच तो फार मोलाचा ठरेल. घरात ‘हिंदकळणं’ म्हणायची वेळ क्वचित येते. इथे मूल ते एका पायावरून दुसऱ्या पायावर स्वतः करतं, मग शब्द विसरत नाही.

शब्द उच्चारायची पट्टीही महत्त्वाची. आवाज वाढवून शांतता मिळत नाही. मुलं जवळ यायला हवी असतील तर कुजबुजा.

डफ, ढोलकी, फोन

एक डफ किंवा खंजिरी घ्याच. वाजवायला शिकलेलं असण्याची गरज नाही. डफाचा मोठा गुण म्हणजे तो तुमच्या डोळ्यांमागे चालतो: मुलं दमली की हळू, पुतळा हवा की त्याच क्षणी गप्प. फोनवरचं गाणं मुलांची वाट बघत नाही. मुलांची पावलं लहान असल्यामुळे त्यांची स्वाभाविक चाल मोठ्यांपेक्षा जलद असते. तुम्हाला आरामशीर वाटणारा ठेका त्यांना रेंगाळलेला वाटतो. त्यांच्याबरोबर चालत, त्यांच्या पावलांवर थाप टाका, मग ठेका आपोआप बरोबर सापडतो. चालण्या-धावण्याला केरवा, डुलण्या-झुलण्याला दादरा: आठ मात्रांचा ठेका पाय उचलतो, सहा मात्रांचा अंग झुलवतो.

रेकॉर्ड केलेलं संगीत मोकळ्या नाचासाठी आणि ओढणीसाठी ठेवा. शक्यतो शब्दांविना: बासरी, सतार, संतूर, तबला, किंवा जगात कुठल्याही मुलखातलं वाद्यसंगीत. शब्द आले की मोठी माणसं लगेच शब्दांचा अभिनय करायला लागतात, आणि सिनेमाचं गाणं असेल तर ठरलेल्या स्टेप्स. मग मुलं स्वतःचं काही शोधत नाहीत, मोठ्यांची नक्कल करतात. वर्गात किमान दोन खेळ पूर्ण शांततेत व्हावेत. पावलांचा आवाज, श्वास, घुंगरांची हलकी किणकिण मुलांना तेव्हाच ऐकू येते.

गाणी आधी उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर टाका. विसाव्याच्या वेळी अचानक जाहिरात किंवा कुणाचा फोन वाजला की कमावलेली शांतता गेली. स्पीकरचा आवाज एवढाच, की तुम्ही नेहमीच्या आवाजात बोललात तरी सगळ्यांना ऐकू जावं.

ओढण्या आणि बाकीचं सामान

बाजारातले नृत्याचे रुमाल घ्यायची गरज नाही. एक जुनी साधी शिफॉन किंवा जॉर्जेटची साडी साडेपाच मीटर लांब आणि साधारण एक मीटर दहा सेंटीमीटर रुंद असते. तिचे ५५ सेंटीमीटरचे चौकोन कापले की दहा बाय दोन, म्हणजे वीस रुमाल होतात. काठ गेला तरी आठ जोड्यांना पुरतात. कडा शिवून घ्या, नाहीतर धागे सुटून बोटांभोवती आवळतात. सुती कापड नको, ते तरंगत नाही, दगडासारखं पडतं. जर, टिकल्या, आरसे लावलेलं तर अजिबात नको. मोठी ओढणी या वयाला धोक्याची: पायात येते, आणि गळ्याभोवती गुंडाळली जाते. ‘ओढणी गळ्यात नाही’ हा नियम पालकांना सांगा, मुलांना सांगून उपयोग नाही.

घुंगरू सुटे नकोत. जाड पट्टीवर घट्ट शिवलेले, आणि दर वर्गाआधी एकेक ओढून बघायचे. फुगे आणि साबणाचे फुगे मोहात पाडतात, पण दोन्ही टाळा: फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकू शकतो, आणि साबणाच्या फुग्यांनी टाइल्स निसरड्या होतात.

साहित्य वाटताना आणि गोळा करताना सगळ्यात जास्त रडारड होते. एकच रंग ठेवलात तर ‘मला लाल पाहिजे’ हे भांडण मिटतं. परत घेताना हातातून काढून घेऊ नका. टोपली घेऊन मध्ये बसा आणि ‘ओढणीला झोप आलीय’ म्हणा. मूल स्वतः घडी घालून, थोपटून टोपलीत ठेवतं. एखादं ठेवत नाही. त्याला पुढच्या खेळात ती हातात राहू द्या, दोन मिनिटांत स्वतःच आणून ठेवतं.

पालकांना काय सांगायचं

पालक वर्गात सगळ्यात जास्त वेळा जे म्हणतात ते म्हणजे ‘अगं कर ना, ताई बघ काय सांगतेय’. हे थांबलं पाहिजे. पहिल्या दिवशी एकच वाक्य सांगा आणि दर आठवड्याला परत सांगा: ‘मुलाला सांगू नका, तुम्ही करा.’ बाबा जमिनीवर सरपटायला लागले की मूल त्यांच्या पाठीवर चढतं किंवा मागून सरपटत येतं. दोन्ही चालेल. मुलाचा हात धरून तो वर-खाली करून देणं मात्र नाही; तो मुलाचा नाच राहत नाही.

काही पालकांना, विशेषतः पहिल्यांदा आलेल्या बाबांना, अवघडल्यासारखं होतं. त्यांना आधी काम द्या: पूल व्हा, बोगदा व्हा, झाड व्हा. हात-पाय टेकून पूल झालेल्या माणसाला कुणी बघत नाही, सगळे खालून जाणाऱ्या मुलांकडे बघतात. दुसऱ्या आठवड्यात तेच बाबा गिरक्या घेताना दिसतात. आजी-आजोबांसाठी दोन खुर्च्या वर्तुळातच ठेवा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसून ओढणी, टाळी, डोलणं सगळं करता येतं. जमिनीवर टेकायचं असेल तिथे गुडघ्याखाली चादरीची घडी. गरोदर आईनं उचलणं आणि पोतं होणं टाळावं.

मोबाइल पिशवीत. आठवण म्हणून चित्रण हवंच असेल तर शेवटच्या आठवड्यात मोकळ्या नाचाची पाच मिनिटं ठरवून द्या, आणि इतरांची मुलं चित्रणात येणार असतील तर त्यांच्या पालकांना आधी विचारा. वर्गाच्या मधोमध फोन उगारलेला पालक मुलाला दिसतच नाही, त्याला फोनची पाठ दिसते.

खाणं वर्गाच्या तासभर आधी. हॉलमध्ये तोंडात काहीही नको. गोळी किंवा शेंगदाणा तोंडात ठेवून उडी मारली तर तो घशात अडकू शकतो.

हात ओढू नका

हे वेगळं लिहायलाच हवं. फुगडी आपली, आवडीची, आणि पालकांना तिची ओढ लगेच लागते. पण पाच वर्षांखालच्या मुलाला मनगटाला धरून गरगर फिरवलं, हाताला धरून झुलवलं किंवा एका हातानं उचललं तर कोपरातलं हाड जागेवरून थोडं सरकू शकतं. त्या वयात सांध्यातलं बंधन सैल असतं. असं झालं की मूल रडतं आणि मग तो हात किंचित वाकवून अंगाशी धरून ठेवतं, वापरत नाही. सूज बहुधा दिसत नाही, म्हणून घरचे ‘नाटक करतोय’ म्हणून सोडून देतात. हात ओढून सरळ करायचा प्रयत्न न करता डॉक्टरांकडे न्या. बऱ्याचदा ते क्षणात बसवतात.

फुगडी पूर्ण वर्ज्य करायची गरज नाही. दोघांनी समोरासमोर उभं राहून हातात हात धरायचे, अंगाचा भार मागे टाकायचा नाही, मुलाचे दोन्ही पाय जमिनीवर, आणि नुसतं लहान पावलांनी गोल फिरायचं. पाय जमिनीवरून सुटणारं फिरणं हवं असेल तर मुलाला काखेत दोन्ही हात घालून छातीशी धरा आणि पालकानं स्वतः फिरावं. दोन-तीन फेऱ्या, मग उलट दिशेनं तितक्याच, मग बसायचं.

गोष्टी बिघडतात तेव्हा

एखादं मूल तीन आठवडे कोपऱ्यात बसून नुसतं बघतं. पालक शरमिंदे होतात आणि पैसे वाया गेले म्हणतात. घरी काय करतं ते त्यांना विचारा. बहुधा संध्याकाळी घरी अख्खा वर्ग करून दाखवत असतं. पालकांनी मुलाजवळ बसूनच आपल्या जागी हालचाल करत राहायची, मुलाला ओढत मध्ये आणायचं नाही.

सगळीच मुलं सुसाट धावायला लागली तर तीन कारणं तपासा: जागा फार मोकळी झाली, संगीत फार जलद आहे, किंवा कुणालातरी वाट बघावी लागतेय. तिसरं कारण सगळ्यात जास्त वेळा खरं असतं. ‘एकेकानं बोगद्यातून जा’ म्हटलंत की सात मुलं रिकामी राहतात. आठ पालकांचे आठ बोगदे करा. धावणं सुरूच असेल तर त्यालाच खेळ करा: गोल धाव, एकाच दिशेनं, थाप थांबली की पुतळा.

ढकलाढकली किंवा चावणं झालं तर त्या मुलाला वर्गाबाहेर पाठवू नका. पालकाबरोबर दोन मिनिटं मिठी, मग पोतं ढकलायचा खेळ. ढकलायची ओढ असलेल्या अंगाला ढकलायला काहीतरी लागतं.

वर्ग संपल्यावर दहा मिनिटं वही घेऊन बसा. कुठला खेळ चालला एवढंच लिहू नका. कुठल्या क्षणी मुलांची नजर हटली ते लिहा. पुढच्या आठवड्याचा बदल तिथेच करायचा असतो.

आठवा आठवडा

पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून पालक विचारायला लागतात: ‘गॅदरिंगसारखा एखादा डान्स बसवणार ना?’ नका बसवू. सात आठवडे मुलाला स्वतःची हालचाल शोधू दिली आणि आठव्या आठवड्यात ती एका गाण्यावर रांगेत उभी केली, तर मूल तेवढंच लक्षात ठेवतं की आधीचं खरं नव्हतं. शिवाय पंधरा-वीस अनोळखी डोळे समोर दिसले की निम्मी मुलं रडतात आणि उरलेली थिजतात.

त्याऐवजी शेवटच्या वर्गाला घरच्यांना बोलवा, पण बघायला नाही, करायला. डफ मुलांच्या हाती द्या. ज्याच्या हातात डफ, त्याच्या थापेवर सगळे चालणार आणि त्याच्या शांततेवर सगळे पुतळे. अडीच वर्षांच्या मुलाच्या एका थापेवर आजोबांसकट वीस माणसं जागच्या जागी थिजतात, तेव्हा त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. प्रत्येकाला अर्धा मिनिट द्या आणि पाळी येईपर्यंत बाकीची मुलं नाचतच असतील हे बघा. त्या दिवशी हॉलमध्ये प्रेक्षकांच्या खुर्च्या मांडू नका. गुडघेदुखीवाल्यांसाठीच्या दोन तेवढ्या ठेवा, आणि त्याही वर्तुळातच.